दोन ग्लास पाणी

१६ जानेवारी, गुरुवार

भांडं घासून टाकलं.

आईंचे दोन गाऊन, चादर आणि फाइल घ्यायला घरी आले होते. मिलिंद दवाखान्यात त्यांच्याजवळ थांबलाय. दार उघडलं आणि कपाटाकडे जायच्या ऐवजी सरळ स्वयंपाकघरात गेले. स्लो कुकरचा दिवा अजून लागलेला. झाकण काढलं. डाव घातला, वर उचलला, वाकडा केला. धार! वरणाच्या पाण्यासारखी हिरवी धार. उरलेलं सगळं सिंकमध्ये ओतलं आणि नळ मोठा सोडला. मग सिंकमधली बाकीची भांडीही घासली. वाटी, चमचा, एक कप, दोन बश्या, तळाशी पांढरट खरपुडी धरलेलं एक लहान पातेलं. नखाने खरवडलं. ओटासुद्धा पुसला.

कोण येणार होतं बघायला? कोणीच नाही. तरी पुसला.

आईंच्या नाकाला ऑक्सिजन लावलाय. संध्याकाळी पाच चाळीसला मिलिंदचा फोन आला — ‘आई खोकतेय. थांबतच नाहीये. ओठ बघ कसे झालेत, तू ये, तू ये.’ फोनवर ओठ कसे दिसणार मला! मी तेव्हा अंबरनाथला, एमआयडीसीच्या गेटवर रिक्षाची वाट बघत होते.

गाऊन घेतले. फाइल विसरले. परत आले. आता निघते.

१७ जानेवारी, शुक्रवार

छातीत इन्फेक्शन आहे. अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत गेलं.

डॉक्टर तरुण आहेत, पण आवाज मास्तरांचा. ‘ऑक्टोबरात स्ट्रोक आल्यावर सांगितलं होतं ना? पातळ काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा घट्ट करून. मग काल काय पातळ गेलं यांच्या पोटात?’

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मिलिंद आधी बोलला.

‘सूप. दिवसभर बाई असते, ती भरवते.’

कौसाबाई तिथेच उभ्या होत्या. आईंना बघायला सकाळीच आलेल्या, हातात घरची घट्ट पेज, डब्याला फडकं बांधलेलं. मिलिंद वळला त्यांच्याकडे. ‘मावशी, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला? चमचा वाकडा करून बघायचा म्हणून!’ व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. कौसाबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. किती वेळ बघत होत्या! मी खाली बघितलं. फरशीवर कोणीतरी चॉकलेटचा कागद टाकला होता, तो बघत राहिले.

त्या एवढंच म्हणाल्या, ‘सूप मी बघून भरवलं, दादा.’

‘उद्यापासून येऊ नका.’

पेजेचा डबा बाकावर ठेवून गेल्या. तो अजून माझ्या पिशवीत आहे.

१८ जानेवारी, शनिवार

ताप १०२. ‘चोवीस तास बघू,’ म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

ताप उतरला. आई डोळे उघडून बघतात. मिलिंदचा हात धरून ठेवलाय, सोडत नाहीत.

आता लिहिते. दुसरं कोण ऐकणार आहे! या वहीला तरी खरं सांगावं.

हे सूप घरात आणलं मीच. स्ट्रोकनंतर आईंना गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी चमचा वाकडा करून दाखवला होता — गोळा पडला पाहिजे, धार नाही. शिरा, खिमट, कुस्करलेलं केळ. आई पंधरा दिवसांत कंटाळल्या. सगळ्याला ‘नको’. त्यांच्याकडे उरलेला तो एकच शब्द. जिने चाळीस वर्षं सुकट भाजून चाळ जागी केली, तिला खिमट!

मग उल्हासनगरला कॅम्पात गेले होते तेव्हा दुकानात हा कुकर दिसला. मातीच्या कुंडीसारखं जड भांडं, आत-बाहेर गुळगुळीत. दुकानदार म्हणाला, ‘सुबह डालो, बटन दबाओ, भूल जाओ. बहू का काम ये करेगा.’ मला तेच हवं होतं ना. माझं काम करणारं काहीतरी. मी सकाळी साडेसातला घर सोडते, सातला परत येते. आठ तास मंद आचेवर आपलं आपण शिजणारं काही घरात असलं की वाटायचं, मीच आहे घरात.

त्याच्या शेजारच्या दुकानातून सोललेल्या हिरव्या वाटाण्याची डाळ. दोन वाट्या डाळ, सहा वाट्या पाणी, गाजर, बटाटा, कांदा, लसणाच्या आठ पाकळ्या, तमालपत्र, मिरी. रविवारी कोंबडीची हाडं. दुपारपर्यंत डाळ इतकी विरघळते की रवीसुद्धा लागत नाही, आणि घट्ट होते ती आपोआप. चमच्यातून गोळाच पडतो. पहिल्या दिवशी आईंनी वाटी संपवली आणि वाटीकडे बोट केलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

पण ते भांडं! डाळ कडेने धरते. रोज रात्री घासताना बोटं दुखतात. जड इतकं की एका हातात पेलवत नाही. बुधवारी अर्धा तास घासत होते. गुरुवारी सकाळी डाळ घालताना वाटलं, आज नको ते घासणं. आणि दोन ग्लास पाणी जास्त ओतलं.

एवढंच. घाई नव्हती. डाळ संपली नव्हती. विसरलेही नव्हते. मला भांडं घासायचा कंटाळा आला होता.

मनात म्हटलं होतं, कौसाबाईंना सांगू, गॅसवर आटवून घ्या. त्या यायच्या आत मी निघाले. फोन करू म्हटलं.

नाही केला.

२१ जानेवारी, मंगळवार

आज कामावर गेले. आमची कंपनी रंगाची. मी लॅबमध्ये. बावीस वर्षं मी काय करते, तर घट्टपणा मोजते! एका कपाला खाली भोक असतं. कप रंगाने भरायचा, भोकावरचं बोट काढायचं, स्टॉपवॉच दाबायचं. धार तुटली की थांबवायचं. सेकंद लिहायचे. दोन सेकंद कमी आले तरी माझ्या सहीने अख्खी बॅच परत जाते. सुपरवायझर हात जोडतो, ‘मॅडम, सोडा ना, उन्नीस-बीस चलता है.’ मी सोडत नाही. त्याबद्दल मला मानतात तिथे.

गुरुवारी अकरा वाजता हाच कप हातात होता. धार बघून आठवलंसुद्धा — अरे, फोन! म्हटलं जेवणाच्या सुट्टीत करू. मग एक बॅच फसली, तिच्यामागे धावले. घराच्या भिंतीला लावायचा रंग पातळ होता म्हणून धावले!

आज तिसऱ्यांदा मोजताना हात थांबला. स्टॉपवॉच चालूच राहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आई घरी आल्या. बदलापूरच्या हवेने असेल किंवा स्वतःच्या पलंगाने असेल, चेहरा उजळला. मी फेब्रुवारीच्या तीन तारखेपर्यंत रजा टाकलीय.

सूप केलं. माप लावून. चमचा चार वेळा वाकडा केला. आईंनी तोंड उघडलं — कसला प्रश्न नाही, संशय नाही. पाखरासारखं उघडलं. मी चमचा पाचव्यांदा वाकडा केला.

मिलिंद दारात उभा राहून बघत होता. म्हटलं, तू भरव ना एक दिवस. म्हणाला, ‘नको. मला नाही जमायचं.’ स्ट्रोकच्या आधी हा माणूस एसटीच्या डेपोतून आला की पायातले बूट न काढता आईंशेजारी बसायचा. एक कप चहा, दोघांत वाटून, दोन बश्यांत. फुर्र फुर्र आवाज करत! मी म्हणायचे, काय ही पद्धत. आई म्हणायच्या, ‘तुझ्या कपात ती गोडी नाही.’

ते बंद झाल्यापासून तो पाचला घरी येणंच टाळतो. पहिली पाळी असली तरी विठ्ठलवाडीलाच रेंगाळतो.

२५ जानेवारी, शनिवार

बी विंगच्या सुहासिनीकाकू आल्या होत्या आईंना बघायला. सफरचंदं आणली. जाताना दारात हळूच म्हणाल्या, ‘ती कौसाबाई आमच्याकडे ह्यांना अंघोळ घालायला यायची. बंद केली हो. तुमच्याकडचं ऐकलं त्याच दिवशी. उद्या ह्यांना काही केलं असतं म्हणजे?’

मी म्हटलं, ‘तशा त्या चांगल्या आहेत.’

‘तशा!’ काकू म्हणाल्या. ‘बरं झालं तुम्ही वेळेवर काढलीत.’

दार लावलं. ‘तशा’ म्हटलं मी. तशा!

दोन घरं गेली त्यांची. आता कोण बोलावणार? या गल्लीत बातमी पसरायला मोबाइलसुद्धा लागत नाही.

२६ जानेवारी, रविवार

रविवारची बुद्धवंदना आईंच्या पलंगाजवळच घेतली. आईंना शब्द येत नाहीत, पण ओठ हलतात, आणि सूर बरोबर लागतो. मी पंचशील म्हणत होते. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या, ‘मुसावादा’ म्हटलं आणि पुढचा शब्द आठवेना. जन्मापासून म्हणतेय! आई वाट बघत होत्या, ओठ तिथेच अडवून. मी पाचव्यावर उडी मारली.

खोटं बोलले नाही मी. काहीच बोलले नाही. चौथ्या शीलात त्याला जागा आहे का?

मिलिंद बसलाच नाही. त्याची अंघोळ आज संपत नव्हती.

२८ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या मुलीला आईंजवळ बसवलं आणि मांजर्लीला गेले. कौसाबाई तिथे राहतात, जुन्या चाळीत, नदीकडच्या बाजूला. पेजेचा डबा घेतला होता, घासून, पुसून. मनात वाक्यं पाठ केलेली.

चाळीच्या तोंडाशी त्यांची सून भाजी घेत होती. मला ओळखलं. पदर सावरून म्हणाली, ‘आजी बऱ्या हायेत ना?’

‘बऱ्या आहेत.’

‘आमच्या आत्याबाई रोज विचारतात.’

डबा तिच्या हातात दिला आणि परत फिरले! जवळजवळ पळाले. भाजीवाला म्हणाला असेल, हिच्यामागे काय लागलंय.

३० जानेवारी, गुरुवार

मिलिंदला सांगितलं.

दुपारचं जेवण झालं होतं, आई झोपल्या होत्या. म्हटलं, बस जरा. सगळं सांगितलं. दोन ग्लास पाणी, भांडं घासायचा कंटाळा, न केलेला फोन, संध्याकाळी सगळं धुऊन टाकणं. कौसाबाईंची काही चूक नाही. चूक माझी. तू दवाखान्यात त्यांना बोललास तेव्हा मी गप्प बसले.

वाटलं होतं, ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. त्याच्या तोंडाचा रंग गेला. म्हणाला, ‘तेवढ्यानंच झालं असं नाही ना पण.’

‘मग कशानं?’

उठला, गॅलरीत गेला. कपडे वाळत होते त्यांच्यात उभा राहिला. अर्ध्या तासाने आत आला.

‘कोणाला सांगू नकोस.’

‘मावशींना सांगणार.’

‘त्यांना कशाला? झालं ते झालं. आई बरी आहे ना? दुसरी बाई बघू.’

‘नाही. मी रविवारी जाणार.’

मग बोललाच नाही. माझा इतका राग आला असेल त्याला, तर बरोबरच आहे. त्याची आई आहे ती.

१ फेब्रुवारी, शनिवार

अजून बोलत नाही. ताटात वाढलं तेवढं ठेवून उठतो. मी हे मिळवलंय, म्हणून काही म्हणत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गेले. या वेळी दारापर्यंत.

कौसाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. ‘या ताई,’ म्हणाल्या, जशी मी रोजच येते. आत नेलं. पाणी दिलं. मी ग्लास हातात धरला आणि एकदम बोलून टाकलं, श्वास न घेता. दोन ग्लास जास्त पाणी मी घातलं होतं मावशी, मला माहीत होतं, दवाखान्यात मला माहीत होतं, तुमच्यावर आळ आला आणि मी चॉकलेटचा कागद बघत बसले.

त्या लसूण सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला काय ठावं नव्हतं का?’

‘काय?’

‘ताई, झाकण काढलं की कळतं. म्या म्हटलं, आज ताईंचा हात सैल पडला. बाईमाणूस हाय, दमते. मग ज्वारीचं पीठ भाजलं जरा, लहान पातेल्यात आजीपुरतं घेतलं, पीठ लावलं. घट्ट गोळा केला. दुपारी बी तेच, साडेचारला बी तेच.’

माझ्या नखाखाली ती पांढरी खरपुडी आली. तीच मी खरवडून काढली होती! यांचा एकमेव साक्षीदार.

‘मग दवाखान्यात सांगितलं का नाही तुम्ही?’

‘सांगितलं की. बघून भरवलं म्हटलं. कोणी ऐकलं?’ आणि हसल्या. ‘बारा वर्षं म्हाताऱ्या माणसांचं करते, ताई. पातळ काय नि घट्ट काय मला नाही कळणार? तुम्हाला वाटलं, मी तुमच्याकडं बघत होते ते पाण्यापायी?’

‘हो.’

‘छे!’

‘मग कशापायी?’

लसणाच्या साली गोळा केल्या, परातीत टाकल्या. ‘सुपानं नाही झालं एवढं मी सांगते. तुमचं ओझं उतरवा खाली. बाकीचं मला इचारू नका. आजीला बोलता येईल तवा आजी सांगतील. नाही सांगितलं तर नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मी का बोलू?’

खूप विचारलं. बधल्या नाहीत. शेवटी म्हटलं, मावशी, उद्यापासून याल? मी बी विंगला स्वतः जाऊन सांगते, सगळ्यांसमोर सांगते. त्या म्हणाल्या, ‘आजीसाठी येईन. पण दादांनी मला बोलवावं. काढलं त्यांनी.’

परत येताना मोकळं वाटायला हवं होतं. सुपाने नाही झालं. मी आईंना काही केलं नाही. पण मी एका बाईला पंधरा दिवस तिच्या गल्लीत मान खाली घालायला लावली, ते तर केलंच. ते दोन ग्लास पाण्यापेक्षा कमी आहे का? ते नळाखाली धुतलं जात नाही.

घरी येऊन मिलिंदला सांगितलं, सूप घट्ट होतं. पीठ लावलं होतं त्यांनी.

‘अजून काय म्हणाल्या?’

‘काही नाही. तू बोलाव म्हणाल्या.’

लगेच फोन केला त्याने! ‘मावशी, चुकलं माझं. या तुम्ही.’ आवाज असा की मीच वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्याने कोणाला ‘चुकलं’ म्हटलेलं ऐकलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

कौसाबाई आल्या. आईंनी डाव्या हाताने त्यांचा गाल चाचपला, किती वेळ!

सुहासिनीकाकूंकडे जाऊन आले. खालच्या बाकांवर आणखी चार जणी होत्या. बरं झालं. म्हटलं, कौसाबाईंची चूक नव्हती, मी सूप पातळ केलं होतं, त्यांनी उलट सावरलं. काकूंनी विचारलं, ‘अहो, पण मग झालं कशानं?’

मला माहीत नाही, म्हटलं. तेही खरंच बोलले.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून लवकर निघाले. साडेपाचला घरात. कौसाबाई आईंना सूप भरवत होत्या. माझ्यामागोमाग मिलिंद आला, बूट काढायला वाकला. आईंनी चमच्यावरून तोंड फिरवलं, त्याच्याकडे बघितलं आणि हसल्या. चार महिन्यांत ‘नको’शिवाय पहिला शब्द.

‘चहा.’

डावा तळवा उचलला, बशीसारखा खोलगट केला, ओठांपाशी नेला. डोळ्यांत लाडिक हट्ट.

‘मिलू. परत. चोरून.’

कौसाबाई वाटीकडेच बघत राहिल्या. मिलिंद वाकलेला, वर येईना.

त्या गुरुवारी संध्याकाळी सिंकमध्ये दोन बश्या होत्या. मीच घासल्या होत्या.